समृद्धीची सावड

२९ मार्च

गोरख सरांनी आज सगळ्या संघासमोर ही वही माझ्या हातात दिली. कॅप्टनने सुट्टीभर नोंद ठेवायची: किती पळालो, किती बास्केट टाकले, कोण आलं, कोण नाही आलं. सर ही वही वाचणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे, त्यांना मोठा मेसेजसुद्धा वाचवत नाही. तेव्हा मी मला हवं ते लिहिणार.

पहिली नोंद. सेमीफायनलला आम्ही तीन पॉइंटनी हरलो आणि हंगाम संपला. सर म्हणाले, तुम्ही खेळात नाही, दमात हरलात. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या, एकट्या समृद्धीची नव्हती. माझंही नाव घ्यायला हरकत नव्हती, पण असो. सुट्टीत रोज सकाळी सहाला कोर्टवर यायचं असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाहेर आल्याबरोबर रडगाणं सुरू केलं. स्नेहलचा कांदा काढायला आलाय, आमचाही आलाय. कांदा रानात असताना पोरगी बॉल खेळायला निघाली म्हटल्यावर आप्पा तो बॉलच चिरून ठेवतील.

मग मला सुचलं. पूर्वी आमच्याकडे सावड असायची. आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या, मजुरी कुणी द्यायची नाही, कामाची फेड कामानंच करायची. आम्ही आठ जणी. आठ जणी बसलो तर एकेकीचा कांदा चुटकीसरशी निघेल आणि मग घरचे सरावाला सोडतील. सगळ्या खूश झाल्या. स्नेहलने तर मला मिठीच मारली.

समृद्धी तेवढी म्हणाली, "माझ्याकडं रान न्हाई."

मी म्हटलं, तुझ्यासाठी दुसरं काहीतरी बघू, सावड कुणाची बुडत नसते.

३ एप्रिल

आज लोणीला स्नेहलच्या रानात. सहा ते आठ सराव, मग रान. मी आयुष्यभर कांद्यात वाढले, पण समृद्धीचा हात पाहिला आणि गप्प बसले. विळा कधी पात कापतो ते दिसतच नाही. दुपारपर्यंत तिची ओळ आमच्यापेक्षा दुपटीनं पुढे गेली होती. ती आमच्या संघाची सेंटर, पाच फूट अकरा इंच, वाकून बसली तरी आमच्यात उंच दिसते.

रिद्धी जैनांची. तिच्या घरात कांदा शिरत नाही आणि आज ती ढिगावर बसली होती. आम्ही तिला फार छळलं. घरी गेल्यावर तिच्या आजीने, झमकूबाईंनी, तिला अंगणातच डोक्यावरून आंघोळ घालून मगच आत घेतलं म्हणे. स्नेहलच्या बांधावर पाय पसरून बसलो, गाणी म्हटली, पिठलं-भाकरी खाल्ली. असा दिवस मजुरीच्या कामात कधी मिळाला असता का?

७ एप्रिल

आज आमच्या घरी, अवसरी खुर्दला. आप्पांनी हौशीराम मुकादमाच्या टोळीला तीन दिवसांचं काम सांगून ठेवलं होतं. काल फोन करून नको म्हणाले. आम्ही आठ जणींनी तीन दिवसांचं रान एका दिवसात उरकलं. आप्पा चारचौघांत म्हणाले, माझी पोरगी कॅप्टन शोभते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कांद्यामुळे नाही.

समृद्धीची आई साळुबाई त्याच टोळीत असते. म्हणजे तिलाही बसल्या जागी तीन दिवसांचा आराम मिळाला. हे मी समृद्धीला हसत हसत सांगितलं तर तिचा विळा चालूच राहिला. दिवसभर तोंड पाडून होती. आईने तिला स्वयंपाकघरात आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं, दुसरी भाकरी आग्रहाने वाढली, "उंच पोरीला जास्त लागती," म्हणाली. तरी तिचा चेहरा काही खुलला नाही. काही माणसांना चांगल्याचं चांगलं दिसतच नाही.

१३ एप्रिल

रिद्धीची पाळी. तिचं रान नाही, पण मंचरला तिच्या वडिलांचं, खेमचंद शेठचं, किराणा दुकान आहे. आम्ही दिवसभर मसाल्याच्या पुड्या भरल्या. शिंकून शिंकून नाकं लाल झाली. शेठजींनी सगळ्यांना मस्तानी पाजली आणि म्हणाले, मेरी आठ बेटियाँ. स्नेहल म्हणाली, सावड अशी असावी.

समृद्धीने ग्लास अर्धा पिऊन बाकीचं बाटलीत भरून घेतलं. मस्तानी घरी नेईपर्यंत तिचं दूध होईल हे तिला कुणी सांगायचं?

१९ एप्रिल

सर आज गाडी करून लेण्याद्रीला घेऊन गेले. पायऱ्या तीनदा वर, तीनदा खाली. माकडांनी स्नेहलची केळी पळवली. माझे पाय तिसऱ्या खेपेला लाकडाचे झाले. समृद्धीने बूट काढून गाडीत ठेवले होते आणि अनवाणी पळत होती. मी विचारलं तर म्हणाली, बूट कोर्टसाठी हायेत.

वर सर माझ्याजवळ बसले. मला वाटलं शाबासकी मिळणार. म्हणाले, "हर्षाली, ही पोरगी पुण्याला पोचली पाहिजे."

मी हो म्हणाले. खाली उतरताना एकही पायरी मोजली नाही, इतकं डोकं तापलं होतं.

२६ एप्रिल

पाच घरं झाली. आज विसाव्याला बसलो असताना स्नेहलने चेष्टा काढली, आता समृद्धीकडे जाऊ, पण उपटायचं काय? सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कॅप्टन म्हणून नीट विचारलं की, अगं, तुमचं कुठेच काही रान नाही? गावाकडे?

"हाय की," ती म्हणाली. "वरच्या धरणाच्या पाण्याखाली हाय. तुमच्या पाटाला येतं ना पाणी, त्याच्याखाली."

 मला राग आला. आम्ही काय तिच्या आजोबांना गावातून उठवायला गेलो होतो का? साध्या चेष्टेला असं उत्तर देतात का कुणी? नंतर तिला पाणी दिलं तर तिने ते घेतलं, म्हणजे तिच्या मनात काही नसावं.

४ मे

सरांनी आज सांगितलं. पुण्याला अठरा ते वीस मे निवड शिबिर आहे. तीन दिवस पूर्ण हजर राहायचं. निवड झाली तर तिथल्या कॉलेजात खेळाडूच्या जागेवर प्रवेश, होस्टेल, जेवण, सगळं. आपल्याकडून दोन नावं जातील: समृद्धी आणि हर्षाली.

या क्रमाने.

समृद्धी कोर्टच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती, परत सोडत होती. मग मला म्हणाली, "हर्षे, मला एकदा तिथं जाऊंदे. वर्षभरात आईला घेऊन जाईन. तिचं आता वाकणं बास झालं." ती इतकं कधी बोलत नाही. मी तिला जवळ घेतलं. घरी येऊन मात्र जेवले नाही. खरं लिहायचं तर स्नेहल म्हणते तसं मी जळते. पण मी कुणाचं वाईट केलेलं नाही, मनातल्या मनात जळण्याचा अधिकार सगळ्यांना आहे.

११ मे

साळुबाई गोणी उचलताना पडली. कंबर धरलीय, उठता येत नाही. टोळीतलं माणूस कमी झालं की हौशीराम दुसरं घेतो आणि मग आपलं नाव गेलं ते गेलं. म्हणून समृद्धी आईच्या जागी बसायला लागलीय. चार दिवस सरावाला नाही. काम लोणीलाच आहे, स्नेहलच्या चुलत्यांकडे. काढलेला कांदा निवडायचा आणि बराकीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, भरायचा. आभाळ रोज भरून येतंय, त्यामुळे चुलते एक दिवस थांबायला तयार नाहीत.

आज संध्याकाळी ती कोर्टवर आली. अंगाला कांद्याची धूळ तशीच. आम्ही सगळ्या होतो.

"मी तुमच्या समद्यांच्या रानात बसले," ती म्हणाली. "मला फकस्त तीन दिवस पायजेत. रोज एकीनं माझ्या जागी बसायचं. माझी सावड राहिलीय."

कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, त्यात काय विचारायचं, आम्ही येतो. अठराला स्नेहल, एकोणीसला रिद्धी, वीसला आणखी कुणीतरी. तिने माझा हात धरला. तिचे तळवे पायऱ्यांच्या दगडासारखे आहेत.

१४ मे

आईला सांगितलं. मला वाटलं होतं शाबासकी देईल. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"सावडीला गेलीस तवा लोक म्हनले पोरगी गुणाची. मजुरीला बसलीस तर इचारतील, हिच्या बापाचं, भिमाजीचं, काय बुडालं. दिवाळीला तुला बघायला पावणं यायचं हायेत."

मी म्हटलं, मी नाहीच बसणार, मी तर शिबिराला जाणार, स्नेहल बसेल. तर आईने स्नेहलच्या आईला फोन लावला. अर्ध्या तासात सगळ्या घरांत कळलं. स्नेहल रडत बोलली, माझ्याच चुलत्याच्या रानात मी मजुरीला बसू? चुलती मला चहा कुठल्या कपात देईल? रिद्धीच्या वडिलांनी नम्रपणे सांगितलं की आपल्यात असं नसतं.

मी यावर पुष्कळ विचार केला. एप्रिलमध्ये स्नेहल त्याच शिवारात, तोच कांदा मांडीवर घेऊन गाणी म्हणत होती. पण ती सावड होती, हे वेगळं आहे. वेगळं का ते मला लिहिता येत नाही, पण प्रत्येक घराला ते न सांगता कळलं, म्हणजे काहीतरी असणारच.

आता हे समृद्धीला सांगायचं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

१६ मे

सांगितलं नाही. तिच्या खोलीपर्यंत गेले होते. ओढ्याच्या कडेला पत्र्याच्या सहा खोल्या आहेत, त्यातली शेवटची. साळुबाई आत पालथी पडली होती. समृद्धीने जर्सी धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती, अकरा नंबरची. ती घडी मी हातात घेतली आणि होती तशी परत ठेवली. साळुबाई पडल्या पडल्या म्हणाली, "बया, तुमी पोरी देवासारख्या धावलात गं."

मी म्हटलं, स्नेहल साडेसहापर्यंत पोचेल, ती आली की तू निघ, सर फाट्यावर सातला थांबतील.

असं का बोलले मला माहीत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणूनच बोलले असेन. कदाचित स्नेहलचं मन बदलेल असंही वाटत होतं. नाहीतर समृद्धी हुशार आहे, कुणी आलं नाही तर तिला कळेलच.

१८ मे, पुणे

सर सातला फाट्यावर आले. समृद्धी नव्हती. सर म्हणाले, पाच मिनिटं थांबू. माझा फोन वाजला, समृद्धीचं नाव होतं. मी आवाज बंद करून तो बॅगेत टाकला. परत वाजला असेल तर मला माहीत नाही.

सव्वासातला सरांनी विचारलं, "तुला काही बोलली का?"

मी म्हणाले, "नाही येत म्हणाली, सर. घरचं काम आहे."

सर म्हणाले, या पोरींसाठी किती करा, शेवटी पालथ्या घड्यावर पाणी. गाडी सुटली. मी काही खोटं बोलले नाही, घरचं काम होतंच. खिडकीतून वारा छान येत होता आणि मला पार चाकणपर्यंत झोप लागली.

होस्टेल स्वच्छ आहे. कोर्टला लाकडी जमीन आहे, पाय घसरतात. चौदा मिस्ड कॉल, शेवटचा सात वाजून चाळीस मिनिटांनी.

२० मे

निवड झाली नाही. लिहायचं नव्हतं, पण वहीला काय लपवायचं. माझ्या उंचीच्या अकरा मुली होत्या आणि सगळ्या माझ्यापेक्षा चपळ. निवड समितीतल्या बाईंनी सरांना विचारलं, तुम्ही ज्या उंच मुलीचा व्हिडिओ पाठवला होता ती कुठे आहे? आम्ही तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. सरांनी सांगितलं, आली नाही, तिला गरज वाटत नाही. बाईंनी यादीवर रेघ मारली. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा मारली.

येताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले. मला मात्र आतून थोडं बरं वाटत होतं की निवड हुकली ती एकट्या माझीच नाही. हे लिहिल्यावर वाईट दिसतंय. खोडत नाही.

२४ मे

स्नेहलने सांगितलं, तिला तिच्या चुलतीकडून कळलं. त्या दिवशी समृद्धी पहाटेच रानात आली, आईच्या जागेवर बसून काम करत होती, बॅग बांधावर. दर थोड्या वेळाने उठून रस्त्याकडे बघायची. सात वाजून गेल्यावर हौशीराम म्हणाला, पावणीबाई, बसा आता, का उभ्याउभ्या निवडताय? सगळी टोळी हसली. मग ती बसली आणि काम संपेपर्यंत उठलीच नाही, जेवायलाही नाही. चुलती म्हणाली, त्या दिवशी बराक दुपारी चारलाच भरून झाली.

स्नेहल म्हणाली, आपण तिची माफी मागायची का? मी म्हटलं, आता विषय वाढवण्यात अर्थ नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॉलेज उघडून सराव परत सुरू झाला की येईल, कॉलेजचे बूट तर तिच्याकडेच आहेत.

२० जून

सराव सुरू होऊन आठवडा झाला. समृद्धी नाही. कॉलेजचा तिसऱ्या वर्षाचा अर्जही भरला नाही म्हणे. सरांनी बूट आणि जर्सी परत आणायला सांगितलंय. रिबाउंड एकीलाही मिळत नाही. सगळे बॉल डोक्यावरून जातात.

२६ जून

आज आमची बराक फोडली. भाव बरा आहे म्हणून आप्पांनी कांदा निवडून गोण्या भरायला हौशीरामची टोळी रोजानं लावली. मी सराव संपवून आले तर बाया पाठमोऱ्या ओळीत बसल्या होत्या. सगळ्यांनी धूळ लागू नये म्हणून साडीवर, ड्रेसवर जुने शर्ट घातलेले, तोंडाला फडकी. एकीच्या पाठीवर अकरा नंबर होता.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे की, ती जर्सी कॉलेजची आहे, सर मागतात. बरं झालं तोंडातून बाहेर पडलं नाही.

आईने चहा दिला, टोळीला नेऊन दे म्हणाली. गोठ्याच्या फळीवर टोळीचे वेगळे कप असतात, त्यातच. मी एकेकीला देत तिच्यापर्यंत गेले. तिने वर पाहिलं. मी म्हटलं, समृद्धी.

"ठिवा तिथं, ताई," ती म्हणाली.

मे महिन्यापर्यंत ती मला हर्षे म्हणत होती.  मी किटली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसकण मारली. म्हटलं, तुझी सावड राहिलीय ना, मी फेडते, आजपासून रोज बसते, आई काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि भराभरा कांदे निवडायला लागले. सडका बाजूला, मोठा एकीकडे, बारकी गोलटी एकीकडे. मला रडू येत होतं आणि खरं सांगते, बरंही वाटत होतं. गेल्या महिन्याभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिने माझं मनगट धरलं.

"उठ," ती म्हणाली. "आमी रोजानं हावोत. तू बसलीस तर दुपारीच संपंल. मंग आर्धाच दिस भरंल समद्यांचा."

ओळीतल्या बायांनी हात थांबवले होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, रस्त्यात आडव्या आलेल्या गाईकडे बघतात तशा. मी उठले. मांडीवरचे कांदे परत ढिगात टाकले.

घरात येऊन ही वही उघडली. सात एप्रिल. तीन दिवसांचं रान एका दिवसात उरकलं. त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय की साळुबाईला तीन दिवसांचा आराम मिळाला. हे वाक्य मी तिला हसत हसत ऐकवलं होतं, तिचा विळा चालू असताना.

संध्याकाळी टोळी गेली. आई ओट्यावर बसून आप्पांना म्हणाली, "त्यातली ती उंच पोरगी लई चपळ हाय. हौशीरामला सांगून ठिवा, दर साली हिलाच धाडत जा म्हनावं."

आईने तिला ओळखलं नव्हतं. अडीच महिन्यांपूर्वी आपल्या शेजारी बसवून हिनेच तिला दुसरी भाकरी वाढली होती. आप्पांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय नाव तिचं?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

उद्या सकाळी सहाला सराव. सेंटरला रिद्धी.